सूत्र शेवटी: सहावी ते आठवीच्या मुलांना क्षेत्रफळ, घनफळ आणि निर्देशक कसे शिकवावेत

सातवीच्या कुठल्याही वर्गात विचारा, "आयताचं क्षेत्रफळ कसं काढतात?" सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "लांबी गुणिले रुंदी!" आता फळ्यावर ६ सेमी लांब आणि ४ सेमी रुंद आयत काढा आणि विचारा, "उत्तर २४ आलं. पण २४ काय? मला ते चोवीस दाखवा." बरीच मुलं पट्टी घेऊन पुन्हा बाजू मोजायला लागतात. आयताच्या आत चौकोन आखणारा एखादाच निघतो.

मधल्या इयत्तांची जवळजवळ सगळी मापन-भूमिती या एका प्रश्नावर उभी आहे. क्षेत्रफळ, घनफळ आणि निर्देशक (बिंदूची जागा सांगणारे दोन आकडे) असे धडे वेगळे असले तरी तिन्हींत काम एकच असतं: एकक ठरवायचं आणि ते किती वेळा बसतं ते पाहायचं. म्हणून मी एक नियम कसोशीनं पाळायला सांगेन. एकक मुलांच्या हातात आलं नसेल, तर सूत्र फळ्यावर लिहायचं नाही. यात सुरुवातीला तासिका जास्त जातात, हे खरं आहे. पण पुढे उजळणीत जाणाऱ्या तासिका वाचतात.

सामान फारसं लागत नाही. रद्दी वर्तमानपत्रं, जुन्या वह्यांचे पुठ्ठे, चौकटींच्या वह्या, आलेख कागद, आगकाड्या, सुतळी, खडू, कातरी, चिकटपट्टी आणि थोडा रवा किंवा बारीक वाळू. शाळेत गणित पेटी असेल तर त्यातले १ सेमीचे ठोकळे बाहेर काढून ठेवा.

पट्टीपासून सुरुवात

क्षेत्रफळाच्या आधी एक तासिका नुसत्या लांबीला द्या. सहावीतल्या मुलांना पट्टी वापरता येते, असं आपण गृहीत धरतो. ते तपासायला एक साधी युक्ती आहे. पट्टीचं शून्याकडचं टोक कागदानं झाकून टाका आणि एखादी काडी ३ च्या खुणेपासून ९ च्या खुणेपर्यंत ठेवा. काडी किती लांब? काही जण ९ म्हणतील, कारण ते शेवटचा आकडा वाचतात. काही जण ७ म्हणतील, कारण ते ३, ४, ५, ६, ७, ८, ९ अशा खुणा मोजतात. उत्तर ६ आहे, कारण मोजायच्या असतात त्या खुणांमधल्या जागा.

ही चूक इथेच दुरुस्त झाली नाही, तर ती पुढे आलेख कागदावर जशीच्या तशी उगवते. आरंभबिंदूलाच, म्हणजे शून्याच्या बिंदूलाच, 'एक' म्हणून मोजायला सुरुवात करणारं मूल हेच असतं.

पहिला टप्पा: झाकून पाहणं

वर्गाचे गट करा. प्रत्येक गटाला एकाच आकाराची वही द्या आणि तिचं मुखपृष्ठ झाकायला सांगा. एका गटाला एक रुपयाची नाणी, दुसऱ्याला रिकाम्या काड्यापेट्या, तिसऱ्याला पुठ्ठ्याचे ५ सेमी बाजूचे चौरस, चौथ्याला पुठ्ठ्याचे त्रिकोण. किती लागले ते फळ्यावर लिहा. वही एकच, आकडे चार. मुलं आपसांत वाद घालतील, तो घालू द्या. नाण्यांच्या मध्ये फटी राहतात, काड्यापेट्या आडव्या की उभ्या ठेवल्या यावर हिशेब बदलतो, आणि एकमेकांशी बोलायचं तर सगळ्यांचं एकक सारखं हवं, हे त्या वादातूनच बाहेर येतं. १ सेमी बाजूचा चौरस, म्हणजे १ चौसेमी, हे नाव त्यानंतर सांगा.

मग प्रत्येकानं एक पान आणायचं. पिंपळाचं, जास्वंदीचं, कढीपत्त्याचंही चालेल. ते आलेख कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवायची आणि आतले चौकोन मोजायचे. पूर्ण चौकोन एक, अर्ध्याहून मोठा तुकडा एक, अर्ध्याहून लहान तुकडा सोडून द्यायचा, बरोबर अर्धा असेल तर अर्धा. या कामात सूत्र वापरताच येत नाही, आणि म्हणूनच ते महत्त्वाचं आहे. क्षेत्रफळ हा आकाराचा गुणधर्म आहे, सूत्र नसलेल्या आकारालाही ते असतं, हे मुलांना पानावरून जेवढं पटतं तेवढं आयतावरून पटत नाही. हुशार मुलांना पुढचा प्रश्न द्या: चौकोन ५ मिमीचे केले तर उत्तर जास्त बरोबर येईल का, आणि का?

आता आयताकडे या. ८ सेमी × ५ सेमीचा आयत द्या, पण चौरस मात्र बाराच द्या. पूर्ण आयत झाकता येणार नाही एवढेच. मुलं एक ओळ आठ चौरसांची भरतील, उरलेले चार कडेनं उभे लावतील, आणि कुणीतरी म्हणेल, "सर, अशा पाच ओळी होणार." त्या वाक्यावर थांबा. ते वाक्य म्हणणाऱ्या मुलाला फळ्याजवळ बोलवा आणि पुन्हा सांगायला लावा. ओळीत किती आणि ओळी किती, याचंच छोटं रूप म्हणजे लांबी × रुंदी. सूत्र वर्गाकडून आलं, आता ते फळ्यावर लिहा.

दुसरा टप्पा: परिमितीशी होणारी गल्लत

परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत व्याख्या पाठ करून जात नाही. दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवून, एक स्थिर धरून दुसरं बदलावं लागतं.

प्रत्येक गटाला २४ आगकाड्या द्या. सगळ्या काड्या वापरून आयत बनवायचा आणि आत काडीएवढ्या बाजूचे किती चौरस बसतील ते लिहायचं. ११ बाय १ ला क्षेत्रफळ ११ येतं. १० बाय २ ला २०, ९ बाय ३ ला २७, ८ बाय ४ ला ३२, ७ बाय ५ ला ३५ आणि ६ बाय ६ ला ३६. परिमिती सगळीकडे २४. हा तक्ता वहीत नीट जपून ठेवायला सांगा, निर्देशकांच्या वेळी तो पुन्हा लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी उलटं करा. ३६ चौरस सगळे वापरून वेगवेगळे आयत करा आणि परिमिती काढा. ६ बाय ६ ची २४, ९ बाय ४ ची २६, १२ बाय ३ ची ३०, १८ बाय २ ची ४०, ३६ बाय १ ची ७४. कुंपणाची तार एवढीच आहे, जागा जास्तीत जास्त हवी. किंवा जागा ठरलेली आहे, तार कमीत कमी हवी. शेतकऱ्यांच्या मुलांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

तिसरा टप्पा: कापणं आणि जोडणं

समांतरभुज चौकोनात सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती तिरप्या बाजूला उंची समजून. याला उत्तम उपाय म्हणजे हलती चौकट. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या घ्या, दोन १० सेमीच्या आणि दोन ६ सेमीच्या, आणि कोपऱ्यांत टाचण्या लावून जोडा. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्या वापरूनही ही चौकट होते. अरविंद गुप्तांची काड्यांची खेळणी ज्या शाळांत पोचली आहेत तिथल्या मुलांना ती करायला दोन मिनिटं लागतात.

चौकट सरळ धरली की आत ६० चौसेमी. आता एका कोपऱ्याला हळूहळू दाबा. बाजू त्याच, १० आणि ६. पण आतली जागा कमी होत जाते, आणि पूर्ण दाबल्यावर उरतच नाही. बाजूंचा गुणाकार ६० च राहतो, म्हणजे तो गुणाकार क्षेत्रफळ असूच शकत नाही. मग काय बदललं? वरची पट्टी खालच्या पट्टीच्या जवळ आली. ते दोघींमधलं काटकोनातलं अंतर म्हणजे उंची. गुण्या लावून ती मोजायची सवय इथेच लावा.

यानंतर कागदाचा समांतरभुज चौकोन घ्या, एका टोकाचा काटकोन त्रिकोण कापून दुसऱ्या टोकाला जोडा. आयत झाला, पाया × उंची. तसाच समांतरभुज चौकोन कर्णावर कापला की दोन एकरूप त्रिकोण मिळतात, म्हणून त्रिकोण निम्मा. दोन एकरूप समलंब चौकोनांपैकी एक उलटा फिरवून जोडला की पुन्हा समांतरभुज चौकोन. एवढ्या कातरकामात तीन सूत्रं येतात आणि तिन्ही एकाच आयतापर्यंत मागे नेता येतात. ज्या मुलाला सूत्र आठवत नाही, त्याला "आठव" म्हणू नका. "कापून आयत कर" म्हणा.

त्रिकोणाच्या बाबतीत एक सवय आपणच मोडायला हवी. फळ्यावर त्रिकोण काढताना पाया नेहमी खाली आणि आडवा काढला जातो. त्रिकोण तिरपे, उलटे काढा. विशालकोन त्रिकोण काढा, ज्याची उंची त्रिकोणाच्या बाहेर पडते. एकाच त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना पाळीपाळीनं पाया मानून क्षेत्रफळ काढायला लावा. मोजमापातला किरकोळ फरक सोडला तर उत्तर तिन्ही वेळा तेच येतं.

वर्तुळाचं थोडक्यात: कागदी वर्तुळाला घड्या घालून १६ पाकळ्या करा, कापून आलटून पालटून उलटसुलट जोडा. जवळजवळ आयत दिसतो, त्याची उंची त्रिज्येएवढी आणि लांबी अर्ध्या परिघाएवढी. बाकी काम मुलं करतात.

मोठी एककं, आणि गुंठ्याचा प्रश्न

१ चौमी म्हणजे किती चौसेमी? शंभर, असं उत्तर आठवीतही येतं. वर्तमानपत्रं चिकटवून १ मीटर बाजूचा चौरस तयार करा. त्याच्या एका कडेला १ सेमीचे चौरस मांडले तर शंभर बसतील, आणि अशा ओळीही शंभर. म्हणजे १०,०००. हा कागदी चौरस वर्गात टांगून ठेवा. वर्गाची खोली किती चौमी असेल याचा अंदाज आधी लिहायचा, मग मोजायचं, हा खेळ आठवड्यातून एकदा घ्या.

गावाकडच्या मुलांच्या कानावर मीटरच्या आधी गुंठा पडलेला असतो. त्याला बाजूला सारू नका. ३३ फूट × ३३ फूट म्हणजे १ गुंठा, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एक एकर. मेट्रिकमध्ये १ गुंठा साधारण १०१ चौमी, आणि १ आर बरोबर १०० चौमी. दोन्ही इतके जवळ आहेत की लोक ते एकच धरून चालतात. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौमी अशा क्रमानं लिहिलेलं असतं. एक एकर जमीन तिथे ०.४०.४७ अशी दिसेल, म्हणजे ४० आर आणि ४७ चौमी. उताऱ्याचा नमुना वर्गात दाखवा, पण नावं आणि गट क्रमांक झाकून. मैदानावर सुतळीनं एक गुंठा आखा आणि मुलांना त्याच्या कडेनं चालायला लावा.

शहरातल्या वर्गात हेच काम फरशांवर करा. फरशीची बाजू फुटात मोजायची, खोलीत फरशा किती ते मोजायचं, आणि घरचे ज्याला 'कार्पेट एरिया' म्हणतात तो आकडा आपल्या मोजणीशी ताडून पाहायचा.

घनफळ: आतले ठोकळे दिसत नाहीत

घनफळात अडचण वेगळी आहे. क्षेत्रफळाचे सगळे चौरस डोळ्यांना दिसतात, घनफळाचे सगळे ठोकळे दिसत नाहीत.

फळ्यावर ३ लांब, २ रुंद, २ उंच अशी ठोकळ्यांची इष्टिकाचिती (विटेसारखा आकार) तिरक्या बाजूनं काढा आणि ठोकळे किती विचारा. तीन उत्तरं येतील आणि तिन्ही ऐकण्यासारखी आहेत. १६ म्हणणारा दिसणारे चौकोन मोजतो: समोर ६, वर ६, बाजूला ४. त्याच्या डोक्यात अजून क्षेत्रफळच चालू आहे. १० म्हणणारा ठोकळे मोजतो, पण फक्त दिसणारे; मागचे खालचे दोन त्याच्यासाठी नाहीतच. १२ म्हणणाऱ्याला विचारा, कसे मोजलेस? "खालच्या थरात सहा, आणि असे दोन थर," असं तो म्हणाला तर त्याला घनफळ समजलं आहे. "तीन दुणे सहा, सहा दुणे बारा," एवढंच म्हणाला तर अजून एकदा ठोकळे हातात द्या. आकृती नंतर, ठोकळे आधी. गणित पेटी नसेल तर खोडरबर, काड्यापेट्या, साबणाची खोकी, काहीही एकाच आकाराचं चालेल.

थर हा शब्द मुलांच्या तोंडी बसला की चितीचं सूत्र वेगळं शिकवावं लागत नाही: तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची. वृत्तचितीतही तेच, फक्त तळ गोल. आठवीत यासाठी एक सुंदर प्रयोग आहे. ए-४ आकाराचे दोन कागद घ्या (२१ सेमी × २९.७ सेमी). एक उभा गुंडाळून उंच नळी करा, दुसरा आडवा गुंडाळून बुटकी रुंद नळी. कडा एकमेकांवर न चढवता चिकटवा. दोन्हींत चुरमुरे भरायचे. जास्त कुठे मावतील? कागद सारखाच, म्हणून "सारखेच" असं बहुतेक जण म्हणतात. उंच नळीत साधारण १०४० घसेमी (घन सेंटीमीटर) मावतं, बुटक्या नळीत साधारण १४७०. उंच नळी बुटकीच्या आत उभी करा, उंच नळी चुरमुऱ्यांनी भरा आणि मग ती सावकाश वर ओढून घ्या. चुरमुरे बुटक्या नळीत पसरतात आणि वर बरीच जागा रिकामी राहते. त्रिज्येचा वर्ग होतो, उंचीचा होत नाही, हे वाक्य या प्रयोगानंतरच बोला.

सहावी-सातवीसाठी मला उघड्या खोक्याचं काम सगळ्यात आवडतं, कारण त्यात घडणी (खोकं उलगडल्यावर दिसणारा सपाट आकार), पृष्ठफळ, घनफळ सगळं एकत्र येतं. २० सेमी बाजूचा चौरस पुठ्ठा घ्यायचा. चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापायचे आणि कडा वर दुमडून वरून उघडं खोकं करायचं. एका गटानं १ सेमीचे कोपरे कापायचे, दुसऱ्यानं २ सेमीचे, असं ६ पर्यंत. कुणाच्या खोक्यात सर्वांत जास्त रवा मावेल? आधी हात वर करून मत घ्या, मग हिशेब, मग प्रत्यक्ष भरणं. १ सेमी कापलं तर १८ × १८ × १ = ३२४ घसेमी. २ ला ५१२, ३ ला ५८८, ४ ला ५७६, ५ ला ५०० आणि ६ ला ३८४. आकडा वाढत जातो आणि मग उतरतो. ३ आणि ४ च्या मध्ये कुठेतरी याहूनही मोठं खोकं असेल का, हा प्रश्न सातवीच्या मुलांनाही सुचतो. ३.५ सेमी करून पाहू द्या: १३ × १३ × ३.५ = ५९१.५. हाही तक्ता जपून ठेवायचा.

लीटरची गाठ इथेच घालून द्या. १० सेमी बाजूचं पुठ्ठ्याचं घन खोकं करा, आत प्लॅस्टिकची पिशवी बसवा आणि लीटरच्या मापानं पाणी ओता. १००० घसेमी आणि १ लीटर एकच आहे, हे पाहून कळतं. मग पाऊस घ्या. १ मिमी पाऊस १ चौमी जागेवर पडला तर पाणी १ लीटर होतं. का, ते मुलांनीच काढायचं. शाळेचं छप्पर २० मी × ८ मी असेल आणि १० मिमी पाऊस झाला, तर १६०० लीटर पाणी पन्हाळीतून गेलं. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा पावसाचे आकडे वर्तमानपत्रात रोज येतात, त्यामुळे या उदाहरणाला वेगळा संदर्भ शोधावा लागत नाही.

बांधकामावर 'ब्रास' चालतो. वाळू-खडीचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, पण गिलाव्याचा किंवा फरशीचा एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द एकच, एकदा घनफळ आणि एकदा क्षेत्रफळ. मुलांना विचारा: ट्रॉली १० फूट लांब आणि ६ फूट रुंद आहे, एक ब्रास वाळूसाठी ती किती उंचीपर्यंत भरायला हवी? १०० ला ६० नं भागलं की १ फूट ८ इंच. घरच्यांनी वाळू मागवलेली असेल तर त्या मुलाला हे गणित विसरता येत नाही.

आठवीच्या तरबेज मुलांसाठी शेततळं. वरून ३० मी × ३० मी, खोली ३ मी. "२७०० घनमीटर," असं उत्तर लगेच येतं. पण शेततळ्याच्या भिंती उभ्या नसतात, उतरत्या असतात. उतार एकास एक, म्हणजे मीटरभर खोलीला मीटरभर आत, असा धरला तर तळ २४ मी × २४ मी उरतो. मग पाणी २७०० घनमीटरपेक्षा कमी आणि २४ × २४ × ३, म्हणजे १७२८ घनमीटरपेक्षा जास्त असणार. नेमकं उत्तर २१९६ घनमीटर आहे, जवळजवळ २२ लाख लीटर. ते काढण्याचं सूत्र या इयत्तेत लागत नाही. उत्तर कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये असेल हे सांगता येणं एवढंच इथे पुरेसं आहे. सगळ्यांनी मधल्या खोलीवरचा २७ × २७ चा थर घेऊन अंदाज काढला (२१८७), तर त्यांना शाबासकी द्या.

निर्देशक: नववीची वाट पाहू नका

आपल्याकडे 'निर्देशक भूमिती' हा पाठ नववीच्या गणित भाग २ मध्ये येतो. तोपर्यंत थांबण्याचं काही कारण मला दिसत नाही. सहावीत मुलं पूर्णांक संख्या शिकतात, संख्यारेषा काढतात. एक आडवी संख्यारेषा आणि एक उभी, दोघी शून्यावर छेदतात, एवढंच तर नवीन आहे.

अंगणात किंवा फरशीवर खडूनं चौकटी आखा. सुरुवातीला फक्त पहिलं चरण, म्हणजे शून्याच्या उजवीकडचा वरचा भाग. कोपऱ्याला शून्य. नियम मुलांना पायांनी शिकू द्या: आधी आडवं चालायचं, मग वर. (२, ५) सांगितलं की दोन पावलं उजवीकडे, पाच पुढे. लगेच दुसऱ्याला (५, २) वर पाठवा. दोघं वेगळ्या जागी उभे राहिलेले सगळ्यांना दिसतात. (४, ४) ला मात्र उलटापालट केली तरी जागा तीच. अशी आणखी ठिकाणं शोधा म्हटलं की मुलं आपणहून तिरप्या रेषेवर ओळीनं उभी राहतात.

इथे एक काळजी घ्या. मूल चौकटीच्या आत उभं राहता कामा नये, रेषा जिथे छेदतात त्या जागी उभं राहायला हवं. वर्गातल्या बाकांवरून किंवा बुद्धिबळाच्या पटावरून निर्देशक शिकवले की हाच घोळ होतो, कारण तिथे नाव घराला असतं, बिंदूला नसतं. ती उदाहरणं ओळखीपुरती वापरा, मग सोडून द्या. बिंदूसाठी ठिपक्यांची रांगोळी जास्त चांगली. ठिपक्यांना अंक द्या, पाठीला पाठ लावून दोघांना बसवा. एकानं आकृती काढून शिरोबिंदूंचे निर्देशक सांगायचे, दुसऱ्यानं ते जोडायचे. दोन्ही आकृत्या जुळल्या नाहीत तर चूक सांगणाऱ्याची की काढणाऱ्याची, हे त्यांनीच ठरवायचं.

ठिपक्यांच्या या कागदावर क्षेत्रफळाचा एक चमत्कारही आहे, तो १८९९ मध्ये गेओर्ग पिक या ऑस्ट्रियन गणितज्ञानं मांडला. शिरोबिंदू ठिपक्यांवर असलेली कोणतीही सरळ कडांची, आत भोक नसलेली बंद आकृती घ्या. आतले ठिपके मोजा, त्यांत कडेवरच्या ठिपक्यांची निम्मी संख्या मिळवा, १ वजा करा. क्षेत्रफळ तयार. (०, ०), (४, ०), (०, ३) हा त्रिकोण घेतला तर आत ३ ठिपके, कडेवर ८; ३ + ४ − १ = ६, आणि अर्धा × ४ × ३ सुद्धा ६. सिद्धता या वयात देऊ नका. पण वर्गाला एक आठवडा या नियमाला खोटं पाडायचं आव्हान द्या.

ऋण बाजू सुरू झाली की आयताचं एक उदाहरण हमखास घ्या: (−३, २), (४, २), (४, −१), (−३, −१). आडवी बाजू किती? ४ मधून ३ गेले, १ असं म्हणणारी मुलं असतात. त्यांना −३ पासून ४ पर्यंत बोट ठेवत चालायला लावा. शून्यापर्यंत ३, पुढे ४, एकूण ७. उभी बाजू ३. क्षेत्रफळ २१.

आता ते जपून ठेवलेले तक्ते काढा. काड्यांच्या आयताची एक बाजू आडव्या अक्षावर, क्षेत्रफळ उभ्या अक्षावर. (१, ११), (२, २०), (३, २७) पासून (६, ३६) पर्यंत, आणि पुढे (७, ३५) वरून (११, ११) पर्यंत खाली. बिंदू मांडले की कमान दिसते आणि तिचा माथा बरोबर ६ वर. खोक्याचा आलेख काढला तर तोही चढतो आणि उतरतो, पण त्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत. या दोन आलेखांवर वर्गाला बोलू द्या. उभ्या अक्षावर प्रमाण काय घ्यायचं (खोक्यासाठी १ सेमी = ५० घसेमी बरं पडतं) हे मुलांनीच ठरवायचं. प्रमाण लिहिल्याशिवाय आलेख तपासायचा नाही, हा दंडक सातवीपासूनच ठेवा.

महाराष्ट्र आलेख कागदावर

दोन-तीन तासिकांचं हे काम भूगोलाच्या शिक्षकांसोबत घ्या. गावांचे रेखांश आणि अक्षांश निर्देशक म्हणून वापरायचे. एक सावधगिरी: भूगोलात आधी अक्षांश म्हणजे उत्तर-दक्षिण सांगतात, मग रेखांश. गणितात आधी आडवं. म्हणून क्रम उलटा करूनच यादी द्यावी लागते.

आलेख कागद आडवा धरा. आडवा अक्ष ७२ पासून, उभा १५ पासून सुरू करा आणि तसं स्पष्ट लिहा, कारण इथे कोपऱ्यात शून्य नाही. प्रमाण १ सेमी = अर्धा अंश; म्हणजे ०.१ अंशाला २ मिमी. या क्रमानं बिंदू मांडा आणि जोडत जा: मुंबई (७२.९, १९.१), नाशिक (७३.८, २०.०), नंदुरबार (७४.२, २१.४), जळगाव (७५.६, २१.०), अमरावती (७७.८, २०.९), नागपूर (७९.१, २१.१), गडचिरोली (८०.०, २०.२), नांदेड (७७.३, १९.२), लातूर (७६.६, १८.४), सोलापूर (७५.९, १७.७), कोल्हापूर (७४.२, १६.७), रत्नागिरी (७३.३, १७.०), आणि परत मुंबई. पुणे (७३.९, १८.५) आत पडतं.

नंदुरबार आणि कोल्हापूर एकाच उभ्या रेषेवर येतात, हे पाहून मोठी माणसंही दचकतात. "एक्स निर्देशक समान असलेले बिंदू वाय-अक्षाला समांतर रेषेवर असतात" हे वाक्य त्या क्षणी फळ्यावर लिहा.

मग क्षेत्रफळ. आकृतीत १ सेमीचे चौकोन मोजायचे, पानासारखेच. साधारण ६८ येतात. आपल्या भागात अर्धा अंश अक्षांश म्हणजे सुमारे ५५ किमी आणि अर्धा अंश रेखांश म्हणजे सुमारे ५२ किमी, म्हणून एक चौकोन २८६० चौकिमीच्या आसपास. उत्तर दोन लाख चौकिमीच्या थोडं अलीकडे येतं. राज्याचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौकिमी आहे. मग एक लाखाहून जास्त चौकिमी कुठे गेले? नकाशा शेजारी ठेवा. सिंधुदुर्ग बाहेर, गोंदिया बाहेर, गडचिरोलीचा दक्षिण भाग बाहेर. कोणते बिंदू वाढवले तर अंदाज सुधारेल, हे मुलांनी नकाशावरून शोधायचं आणि आलेख पुन्हा काढायचा. आपल्या तालुक्याचं गावही त्यावर मांडायचं.

वही तपासताना

चुकीच्या उत्तरावर नुसती फुली मारू नका. चूक कुठल्या टप्प्यावरची आहे ते आकडाच सांगतो. ६ × ४ च्या आयताला २० लिहिलं असेल तर परिमितीची गल्लत. त्या मुलाला काड्या द्या. समांतरभुज चौकोनाला दोन बाजूंचा गुणाकार लिहिला असेल तर हलती चौकट. ३ × २ × २ च्या चितीला १६ असेल तर ठोकळे. (२, ५) च्या जागी (५, २) मांडलं असेल तर परत अंगणात. चौमी लिहायच्या जागी नुसतं मी लिहिलं असेल तर गुण कापण्याआधी भिंतीवरचा वर्तमानपत्राचा चौरस दाखवा आणि यातलं तुझं उत्तर कुठलं, कड की पृष्ठ, असं विचारा.

चाचणीत निदान एक प्रश्न असा ठेवा ज्यात आकडे मुलांनी निवडायचे: ज्यांचं क्षेत्रफळ १२ चौसेमी आहे असे एक आयत, एक त्रिकोण आणि एक समांतरभुज चौकोन आलेख कागदावर काढा आणि प्रत्येकाच्या शिरोबिंदूंचे निर्देशक लिहा. या प्रश्नाची उत्तरं मुलागणिक वेगळी असतात, शेजारच्याचं पाहून लिहिता येत नाहीत. तपासायला वेळ लागतो, पण कुणाला पुन्हा कुठल्या टप्प्यावर न्यायचं हे एका कागदावरून कळतं.